ऊसतोडीला निघण्याआधी गुप्तरोगांविषयी बोलायचं, ते कसं?

पत्र:

मी बीड जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. आमच्या वाडीतली निम्म्याहून जास्त घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी ती निघण्याआधी शाळेत गुप्तरोग आणि एड्सची माहिती ठेवली होती. साठेक बाया आल्या, दारात पुरुष उभे. पाहुण्यांनी पोस्टर लावली, आजारी माणसांचे फोटो दाखवले. बाया पदरात तोंड घालून हसल्या, प्रश्न एकीनेही विचारला नाही. पुढच्या आठ दिवसांत चार जणी मात्र माझ्या घरी येऊन ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणाल्या. सरकारी दवाखान्यात तपासायला कोणीच गेली नाही. त्यातल्या एकीला खाजगी दवाखान्यात पिशवी काढायला सांगितलंय. एकीच्या नवऱ्याने ‘आमच्या बायकांना हे काय शिकवता’ म्हणून भांडण काढलं. यंदा पुन्हा घ्यायचं आहे. काय बदलू?

– एक आशा, बीड जिल्हा

उत्तर:

ताई, चार जणी तुमच्या दारी आल्या म्हणजे तुमचं बोलणं पोचलं होतं. अडलं ते पुढे. कुठे जायचं, कोण तपासणार, गोळ्या कोण देणार, नवऱ्याला कसं सांगायचं, यातलं काहीच आधी ठरलेलं नव्हतं. म्हणून यंदा तयारीची सुरुवात भाषणापासून करू नका, दवाखान्यापासून करा. वाडीत पहिली बैठक होईल त्या दिवशी उपचाराची सोय तयार असली पाहिजे.

आधी दिवस मोजा. टोळ्या दसऱ्यानंतर हलू लागतात. ओटीपोटात सूज असेल तर औषध १४ दिवस घ्यावं लागतं. साध्या संसर्गातही उपचारानंतर ७ दिवसांनी पुन्हा दाखवायचं असतं. रक्ततपासणीत काही निघालं तर त्याला आणखी वेळ लागतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात कार्यक्रम घेतला तर बाई गोळ्या अर्धवट टाकून ट्रॅक्टरवर बसते. पोळा ते दसरा साधारण चाळीस दिवस मिळतात. पोळ्यानंतरच्या आठवड्यात बैठका आटोपा आणि घट बसायच्या आत तपासण्या पूर्ण करा.

पोळ्याच्याही आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. बाई डॉक्टर किंवा तपासणी करणारी सिस्टर कोणत्या वारी असते आणि आतून तपासणीला पडद्याची खोली आहे का, हे विचारा. एचआयव्ही आणि गरमी (सिफिलिस) यांची रक्ततपासणी तिथेच होते की तालुक्याच्या आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राला, जावं लागतं, तेही विचारा. मग किटचा साठा बघा. सरकारी दवाखान्यात गुप्तरोगांची औषधं सात रंगांच्या किटमध्ये येतात. राखाडी किट लघवीच्या जागेतून किंवा गर्भाशयाच्या तोंडातून पू येत असेल तर, हिरवं योनीतल्या संसर्गासाठी, पांढरं आणि निळं जखमेसाठी (पेनिसिलिनची ॲलर्जी असेल त्याला निळं), लाल नागिणीसारख्या फोडांसाठी, म्हणजे हर्पिससाठी, पिवळं ओटीपोटाच्या सुजेसाठी, काळं जांघेतल्या अवधाणासाठी, म्हणजे सुजलेल्या गाठीसाठी. कोणतं द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. रंग तुम्हाला माहीत असावेत ते एवढ्यासाठी की बाई परत आल्यावर तिला काय मिळालं आणि ते किती दिवसांचं आहे, हे तुम्हाला तिच्या हातातल्या पुड्यावरून कळावं. तुमच्या वाडीला राखाडी, हिरवं आणि पिवळं ही तीन जास्त लागतील. साठा कमी असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना आत्ताच डापकूकडे, म्हणजे जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडे, मागणी करायला सांगा. पाच किलोमीटर चालत गेलेल्या बाईला ‘औषध संपलंय’ असं ऐकावं लागलं, तर ती पुन्हा येत नाही आणि चार घरी जाऊन तेच सांगते.

आता बैठकीचं बघू. साठ जणींत कोणी तोंड उघडणार नाही. बारा ते पंधरा जणी, एकाच गल्लीतल्या किंवा एकाच टोळीतल्या, कोणाच्या तरी घरात, दार लावून, पाऊण तास. सासू आणि सून एका बैठकीत बसवू नका. नव्या लग्नाच्या मुली वेगळ्या घ्या. वेळ बायांनाच विचारून ठरवा. सोयाबीनची काढणी चालू असेल तर दुपारी कोणी मोकळी नसते.

आजाऱ्यांचे फोटो यंदा बंद करा. अखेरच्या टप्प्यातली जखम बघून बाईला वाटतं, ‘माझं असं काही नाही, म्हणजे मला रोग नाही.’ क्लॅमिडिया हा संबंधांतून पसरणारा संसर्ग झालेल्या बहुतेक बायांना काहीच त्रास जाणवत नाही. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यातले सगळे आजार संबंधांतून आलेले नव्हते. पण गप्प बसलेली बाई निरोगी आहे असं धरून चालता येत नाही, हे त्यावरून दिसतं.

प्रश्न कसे काढायचे? कागदाची पेटी ठेवून उपयोग नाही, निम्म्या जणींना लिहिता येत नाही. त्यापेक्षा दाणे वापरा. प्रत्येकीला ज्वारीचा एक आणि हरभऱ्याचा एक दाणा द्या. तुम्ही विचारायचं, ‘गेल्या महिन्यात अंगावरून वास येणारं किंवा खाज सुटणारं पाणी गेलं का?’ हो असेल तर हरभरा, नसेल तर ज्वारी. दाणा मुठीत धरून कापडी पिशवीत टाकायचा. उरलेला दाणा दुसऱ्या पिशवीत, नाहीतर हातात काय राहिलं ते शेजारणीला दिसतं. तांब्या वापरू नका, स्टीलमध्ये हरभरा टणकन वाजतो. मग सगळ्यांसमोर मोजा. चौदातले आठ हरभरे निघाले की बायांचे चेहरे बदलतात. आपण एकट्या नाही हे प्रत्येकीला दिसतं. ‘लघवीला जळजळ होते का?’, ‘संबंधाच्या वेळी दुखतं का?’, ‘नको म्हटलेलं घरात चालतं का?’ हेही असेच विचारा. शेवटच्या प्रश्नाला ज्वारीचे दाणे जास्त निघाले तर पुढचं सगळं बोलणं त्या अंदाजाने करा, कारण ‘निरोध वापरायला सांगा’ हा सल्ला अशा घरात बाईच्याच अंगावर येतो.

त्यानंतर पांढऱ्या पाण्याचं नीट सांगा. पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारं, वास नसलेलं, पारदर्शक किंवा दुधट पाणी हे शरीराचं रोजचं काम आहे, त्याला औषध नको. दह्यासारखं घट्ट आणि खूप खाज म्हणजे बहुधा बुरशी. राखाडी, पातळ आणि माशासारखा वास म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडलेला. ही दोन्ही नवऱ्याकडूनच आलेली असतात असं नाही, आणि हे वाक्य तुम्ही दोनदा म्हणा. ‘गुप्तरोग म्हणजे नवरा बाहेर जातो’ किंवा ‘बायको वाईट आहे’ असा अर्थ घरी गेला की मारहाण होते, आणि तुमचं नाव त्यात येतं. हिरवट-पिवळं, फेसाळ पाणी मात्र संबंधांतून पसरणाऱ्या ट्रायकोमोनासचं असू शकतं. तिथे दोघांनाही औषध लागतं. ओटीपोट दुखतं, ताप आहे, पाणीही जातं, अशी बाई त्याच दिवशी दवाखान्यात गेली पाहिजे. ही सूज अंगावर काढली तर बीजनलिका बंद होतात. मूल राहत नाही किंवा गर्भ नळीत राहतो आणि जिवावर बेतू शकतं. तरी नुसत्या वर्णनावरून नक्की काय ते कळत नाही, म्हणून निदान तुम्ही करू नका. तुम्ही फक्त ‘हे बरोबर नाही, दाखवायला जा’ इथपर्यंत आणा.

‘स्वच्छता ठेवा’ हे सांगून थांबायची सवयही सोडूया. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, पाणी नाही, आडोसा नाही, हे बायांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी यांनी आतून धुतल्याने योनीतले चांगले जंतू मरतात आणि त्रास वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरतं.

पिशवी काढायला सांगितलेल्या बाईकडे उशीर न करता जा. नुसतं पांढरं जातं म्हणून गर्भाशय काढायचं कारण नाही. तिची आतून तपासणी झाली का, सोनोग्राफी झाली का, औषधाचा पूर्ण कोर्स नवऱ्यासकट झाला का, हे विचारा. यातलं काही राहिलं असेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय टेबलावर जाऊ नको, असं स्पष्ट सांगा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली होती, त्या वेळी बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ‘काढून टाक, कटकट जाईल’ या सल्ल्याने बाई कर्जात जाते, आणि एचआयव्ही, गरमी, योनीतले संसर्ग यांपासून तिचं रक्षणही होत नाही. पिशवी नसली तरी हे सगळे होऊ शकतात.

तसंच दुसरं, तुमच्याकडे फार चालणारं: ‘माझं ऑपरेशन झालंय, आता निरोध कशाला?’ कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेने गर्भ थांबतो, रोग थांबत नाही. दोन-तीन मुलांवर लवकर ऑपरेशन झालेल्या बायांच्या घरातून निरोध कायमचाच गेलेला असतो. हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून तुम्ही सांगा.

निरोध दाखवायचा तर आयसीटीसीतून लाकडी नमुना मागून आणा. बोटावर किंवा काठीवर दाखवू नका. घरी जाऊन तो बोटावर किंवा काठीवरच चढवणारी माणसं आहेत. पाकिटावरची तारीख बघायची. आतला निरोध एका बाजूला सरकवून पाकीट हाताने फाडायचं, दाताने नाही. गुंडाळलेली कड बाहेरच्या बाजूला हवी. उलटा लावला गेला तर तोच फिरवून वापरायचा नाही, नवा घ्यायचा. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि मुळापर्यंत उलगडायचा, तेही पहिल्या स्पर्शाच्या आधी. वीर्य पडल्यावर ताठरपणा जायच्या आत कड धरून बाहेर यायचं, गाठ मारून कागदात गुंडाळून पुरायचा. मग प्रत्येकीला डोळे मिटून हे करायला लावा. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, दिवा नसतो. उजेडात शिकलेलं अंधारात जमत नाही. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं तर रबर कमजोर होऊन फाटतं. एकावर एक दोन घातले तरी घर्षणाने फाटतात.

सोबत किती द्यायचे? आठवड्याला तीन धरले तर सहा महिन्यांच्या, म्हणजे २६ आठवड्यांच्या हंगामाला ७८ लागतात. पाच-दहाची पाकिटं देऊन जबाबदारी संपत नाही; केंद्रातून तेवढा मोफत साठा आधी मागून ठेवा. पत्र्याच्या पेटीत, ट्रॉलीवर, उन्हात ठेवलेला निरोध लवकर खराब होतो. कपड्यांच्या गाठोड्यात मधोमध ठेवायला सांगा. पैशांच्या पाकिटात, खिशात आठवडे ठेवायचा नाही.

आता पुरुष. भांडण काढणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं एका बाबतीत खरं होतं: त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकट्या बायकोला औषध देऊन पुढच्या आठवड्यात तोच संसर्ग पुन्हा होतो. म्हणून पुरुषांची बैठक बायांच्या आदल्या दिवशी घ्या, पारावर नको, जरा बाजूला, संध्याकाळी सहाच्या सुमारास, प्यायला बसायच्या आत. बोलायला आरोग्य सेवक किंवा आयसीटीसीचे पुरुष समुपदेशक हवेत. तुम्ही तिथे थांबू नका. मुकादमाला, म्हणजे टोळी नेणाऱ्याला, सांगून माणसं जमवा, पण त्याला बैठकीत बसवू नका. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला गडी त्याच्यासमोर आपला आजार सांगणार नाही, त्याला काम जाण्याची भीती असते.

पुरुषांचा पहिला प्रश्न धातू जाण्याचा असतो. झोपेत वीर्य जाणं हा रोग नाही, त्याने अशक्तपणा येत नाही, हे आधी मिटवा. नाहीतर ते भिंतीवरच्या जाहिरातीतल्या नाहीतर बाजारात तंबू ठोकून बसलेल्या वैद्याकडे पैसे घालत राहतात आणि खरा आजार बाजूला राहतो. मग दोन गोष्टी पक्क्या सांगा. परमा (गनोरिया) झाला तर बहुतेकांना आठवडाभरात जळजळ होते, पू येतो. त्यामुळे माणूस दवाखाना तरी शोधतो. गरमीची जखम संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते, ती दुखत नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून जाते. इथेच सगळे फसतात. जखम गेली म्हणून तो मेडिकलवाल्याच्या गोळीला श्रेय देतो. रोग रक्तात राहतो आणि बायकोपर्यंत, पोटातल्या बाळापर्यंत जातो. वेळेत तपासलं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने गरमी बरी होते.

गोळ्यांचीही अडचण आहे. काही औषधांबरोबर दारू घ्यायची नसते, म्हणून बरेच जण डोस खिशात ठेवतात आणि विसरतात. एकाच वेळी घ्यायचा डोस असेल तर तो केंद्रातच, सिस्टरसमोर, पाणी पिऊन घ्यायला लावा. दोघांचे उपचार झाल्यावर सात दिवस संबंध टाळायचे. नवरा यायला तयार नसेल तर डॉक्टरांना बायकोच्या हाती चिठ्ठी द्यायला सांगा, पण चिठ्ठीवर रोगाचं नाव नको. ‘आपल्याला भेटायला बोलावलं आहे’ एवढंच पुरे. आणि चिठ्ठी दिल्याने मार बसेल असं वाटत असेल तर ती देऊच नका. अशा घरी आरोग्य सेवकाने इतर कामाच्या निमित्ताने जाऊन त्याला गाठावं.

तुमच्या डायरीविषयी. कोणाला काय त्रास आहे ते नावासकट लिहू नका. ती डायरी घरात सगळे उघडतात. किती जणी बैठकीला, किती तपासायला, किती जोड्यांनी औषध घेतलं, किती पुन्हा दाखवायला आल्या, एवढे आकडे लिहा. हजेरी साठ आणि तपासणी शून्य ही गेल्या वर्षीची गोष्ट या आकड्यांत लगेच दिसली असती. एचआयव्हीची तपासणी माणसाच्या संमतीनेच होते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ते बंधन घातलं आहे. ‘रिपोर्ट काय आला?’ हे तुम्हीही विचारू नका.

गरोदर बाई फडावर निघणार असेल तर एचआयव्ही, गरमी आणि कावीळ बी या तपासण्या निघायच्या आत झाल्याच पाहिजेत, आणि माता-बाल कार्ड तिच्या गाठोड्यात हवं. गरमी निघाली तर उपचार बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी झाले पाहिजेत, तरच बाळाला पुरेसं संरक्षण मिळतं. ज्यांचा कोर्स अर्धा राहिला त्यांना डॉक्टरांकडून औषधाचं नाव आणि तारीख लिहून घ्या. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे कुठल्याही सरकारी दवाखान्यात त्यावरून पुढचं औषध मिळू शकतं. जिल्हा रुग्णालयात या आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. १०९७ हा एड्सविषयीचा मोफत हेल्पलाइन नंबर बायांना तोंडपाठ करून घ्या. फोन नवऱ्याकडे असतो, म्हणून नंबर डोक्यात हवा.

एक गोष्ट बैठकीत नाही, पण प्रत्येकीला एकटीला गाठून सांगा. फडावर कोणी जबरदस्ती केली तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितकं, सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं तेवढ्याच वेळात सुरू करता येतात आणि २८ दिवस घ्यायची असतात. पोलिसांत तक्रार असो-नसो, उपचार मोफत द्यावेच लागतात. १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे. मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, म्हणून ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन ऐकण्याआधी देऊन बसू नका.

टोळ्या गुढीपाडव्याच्या पुढेमागे परत येऊ लागतात, तेव्हा दुसरी फेरी ठेवा. नव्या बैठकीची गरज नाही, घरोघर जाऊन तीन प्रश्न पुरतात: औषध पूर्ण झालं का, त्रास परत आला का, निरोध उरले का. शेवटच्या जोखमीच्या संबंधाला तीन महिने झाले असतील तर एचआयव्हीची तपासणी तेव्हा करून घेता येते आणि निकालावर भरवसा ठेवता येतो. जोखीम ताजी असेल तर आजही तपासा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. त्या चौघींकडे मात्र पाडव्याची वाट न बघता या आठवड्यातच जा आणि बाई डॉक्टर असते त्या दिवशी त्यांना सोबत घेऊन केंद्रात जा.